ओढ्याकाठचा शीळकस्तूर

शीळकस्तूर आधी कानाला भेटतो. झुंजूमुंजू व्हायच्याही आधी ओढ्याच्या अंगाने कुणीतरी रमतगमत शीळ घालत चाललंय असं वाटतं. सूर चढतात, मध्येच अडतात, पुन्हा भलतीकडूनच सुरू होतात. आंबोली घाटाखालच्या आमच्या आजोळी ही शीळ मे अखेरीस ऐकू यायची. आजी म्हणायची, ‘‘ह्यो शीळ घालूक लागलो की पावस इलोच समज.’’

पक्षी नीट पाहिला तो तिथल्याच व्हाळावर. साळुंकीहून थोडा थोराड. सावलीत नुसता काळा. ओल्या कातळावर टुणटुण उड्या मारत तो कवडशात आला आणि कपाळावरचा, खांद्यांवरचा निळा असा झळकला, की बघतच राहिले. चोचीत छोटी कुर्ली होती. ती त्याने दगडावर आपटली, पुन्हा आपटली, नांग्या तुटून पडल्यावर गिळली, शेपटीचा पंखा उघडमीट केला आणि कपारीत शिरला.

पुढे पुण्यात शिकताना सलीम अलींच्या पुस्तकात तो सापडला. पण पुस्तकापेक्षा जास्त शिकवलं ते महाबळेश्वरच्या हिवाळ्याने. लिंगमळ्याच्या धबधब्यापाशी तो होता, पण मुका. दचकून उडताना एकच धारदार ‘क्रीं’, बस्स. गाणं विणीच्या दिवसांतलं, पावसाळ्यातलं. आवाज नाही म्हणजे पक्षी नाही, असं मी तेव्हापासून कधी धरत नाही. सावली, कातळ आणि वाहतं पाणी असलं की आधी दगड न्याहाळते.

फोटोसाठी मोबाइलवर त्याची शीळ वाजवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. ते गाणं म्हणजे त्याची हद्द. परका नर घुसला असं समजून तो घरट्यातली पिल्लं सोडून त्याच्या मागावर निघतो. आपल्याला एक फोटो मिळतो, तिकडे पिल्लं उपाशी.

शेवाळ आणि मुळ्यांची त्याची वाटी पाण्यालगतच्या कपारीत असते, आत 2 ते 4 अंडी. गेल्या उन्हाळ्यात आजोळच्या घरामागे दरड ढासळू नये म्हणून भिंत घालायला घेतली, तेव्हा व्हाळाकडचा कातळ तसाच ठेवायला लावला. भिंत हातभर मागे सरकली, अंगण तेवढं कमी झालं. मामा थोडे कुरकुरले. पण गवंड्याने कपारीत एक थापी सिमेंटसुद्धा जाऊ दिलं नाही.