आप्पा, ‘चालतंय की’ म्हणू नका

ती. आप्पांस,


तुमच्या नव्या लॅपटॉपचा पडदा मधूनच थरथरतो, त्यावर रंगीत पट्टे येतात आणि कधी सगळंच जागच्या जागी गोठतं, हे मला आईकडून कळलं. त्यावर तुमचं म्हणणं काय, तर “चालतंय की, नवीन आहे, बसंल हळूहळू.” आप्पा, नवं ऑइल इंजिन थोडं चालवलं की भाग एकमेकांत बसतात, ते खरं. लॅपटॉपचं तसं नाही. दोष आहे तिथेच राहतो, झिजतात ते फक्त वॉरंटीचे दिवस.

याला एक अपवाद आहे. नवं मशीन पहिल्यांदा इंटरनेटला जोडलं की विंडोज मागच्या मागे ढीगभर अपडेट उतरवून घेतं. त्यात पडद्याचं चित्र सांभाळणारा ग्राफिक्स ड्रायव्हरही बदलतो. तेवढा वेळ मशीन अडखळतं, पडदा क्षणभर काळा होतो. म्हणून आधी चार्जर लावून सेटिंग्जमधले सगळे अपडेट पूर्ण होऊ द्या आणि रीस्टार्ट करा. मग कंपनीच्या वेबसाइटवर तुमचा मॉडेल नंबर टाकून ग्राफिक्स ड्रायव्हर आणि बायोसची नवी आवृत्ती आहे का, ते शेजारच्या इंजिनिअरिंगच्या पोराकडून बघून घ्या. बायोस अपडेट चालू असताना लाइट गेली तर पंचाईत होऊ शकते. पावसात वीज ये-जा करत असेल त्या दिवशी तो घाट घालू नका.

एवढं करूनही त्रास राहिला, तर दोष कुठे आहे ते शोधायचं. उद्यमनगरातल्या कारखान्यात उभी हयात तुम्ही तेच केलंत, एकेक भाग वेगळा काढून बघणं. इथे मात्र पाना-पेचकस न लावता बघायचंय. पट्टे दिसत असतानाच प्रिंट स्क्रीनचं बटण दाबून पडद्याचा फोटो साठवा आणि तो मोबाइलवर पाठवून तिथे उघडा. फोटोतही पट्टे असतील, तर गडबड ड्रायव्हरमध्ये किंवा ग्राफिक्स चिपमध्ये. फोटो स्वच्छ असेल, तर बहुधा पडद्यात किंवा त्याच्या केबलमध्ये. ही केबल बिजागरीतून जाते. झाकण सावकाश पुढे-मागे केल्यावर पट्टे कमी-जास्त झाले, तर संशय तिच्यावरच. दुसरी तपासणी म्हणजे एचडीएमआय केबलनं लॅपटॉप घरच्या टीव्हीला जोडायचा. टीव्हीवर चित्र नीट आणि लॅपटॉपवर बिघडलेलं दिसलं, तरी निष्कर्ष तोच, दोष बहुधा पडद्यात किंवा त्याच्या केबलमध्ये. आणि बटण दाबल्या दाबल्या, कंपनीचं नाव झळकतं तेव्हाच पट्टे आले, तर विंडोजचा त्यात हात नाही. ते तेव्हा सुरूही झालेलं नसतं.

गोठण्याचेही दोन प्रकार. गोठल्यावर कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागला-विझला, तर मशीन जागं आहे, फक्त चित्र अडकलंय. तेव्हा विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. पडदा लुकलुकतो आणि ग्राफिक्स ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो. ग्राफिक्स चिपनं दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही, तर विंडोज एरवी स्वतःहूनही हेच करतं. कॅप्स लॉकही मेला असेल, तर प्रकरण रॅम, एसएसडी किंवा तापण्याचं असू शकतं. पॉवरचं बटण दाबून धरून बंद करा आणि तो प्रसंग वहीत लिहा. तारीख, वेळ, चार्जर लावला होता की नाही, काय चालू होतं. फक्त चार्जर लावल्यावरच पडदा थरथरत असेल, तर दुसऱ्या खोलीतल्या तीन पिनच्या सॉकेटवर लावून बघा. आपल्या जुन्या घराच्या अर्थिंगवर माझा भरवसा नाही.

स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ असं इंग्रजीत टाइप केलंत की एक तक्ता उघडतो. कोणत्या दिवशी काय बंद पडलं, ते त्यात लाल फुल्यांनी दिसतं. त्याचा फोटो काढा, पट्ट्यांचा व्हिडिओ घ्या. सर्व्हिस सेंटरमध्ये नेलं की नेमकं तेव्हाच मशीन शहाण्यासारखं वागतं. पुरावा हाताशी हवा.

खालचं झाकण मात्र खोलू नका. तुमचा हात शिवशिवणार, हे मला ठाऊक आहे. पण आपण उघडलं की वॉरंटीवरून वाद घालायला कंपनीला निमित्त मिळतं. आणि दुरुस्तीला देण्याआधी कारखान्याच्या आठवणींची फाइल आणि फोटो पेन ड्राइव्हवर काढून ठेवा.

आता खरी अडचण. दुकानदार राजारामपुरीतला, ओळखीचा, चहा पाजणारा. त्याच्याकडे तक्रार कशी करायची, म्हणून तुम्ही गप्प. आप्पा, ओळख आपल्या जागी आणि बिल आपल्या जागी. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत परत घ्यायला नकार देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत नसेल, तर ती ३० दिवसांची धरली जाते. म्हणून तोंडी सांगून थांबू नका. दुकानाला आणि कंपनीला ईमेल करा, बिलाची प्रत, व्हिडिओ जोडा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. दाद लागली नाही, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यापुढे कोल्हापुरातच जिल्हा ग्राहक आयोग आहे. कंपनीचं ऑफिस कुठल्याही शहरात असो, तक्रार तुम्ही राहता तिथे करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि तक्रार करायची मुदत दोन वर्षांची आहे. बहुतेक वेळा गोष्ट तिथवर जातही नाही. लेखी तक्रार पोचली की पडदा किंवा मशीन बदलून मिळतं.

पेन्शनच्या पैशांतून घेतलेली वस्तू नीट चालावी, असं म्हणण्यात कसलाच उद्धटपणा नाही. तुमच्या हातचं काम बिघडून परत आलं असतं, तर गिऱ्हाइकानं लगेच सांगावं असंच तुम्हाला वाटलं असतं. तेव्हा आज बिल शोधा, व्हिडिओ काढा आणि उद्या सकाळी ईमेल पाठवा. मजकूर अडला तर मला फोन करा.

तुमची लाडकी,
ताई