कोनदार अक्षरे

गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात जुन्या हस्तलिखित अंकांचे प्रदर्शन भरवावयाचे ठरले आणि दारावरील फलक रंगविण्याचे काम आम्हां चौघांकडे आले. शब्द तीनच होते : वर 'हस्तलिखित प्रदर्शन' आणि खाली 'शुभारंभ'. काम अर्ध्या दिवसाचे. परंतु अक्षरे कशी असावीत यावर आम्ही चार दिवस वाद घातला. वळणदार अक्षर नको, एवढे मात्र पहिल्याच दिवशी ठरले. आमच्यापैकी कोणाचेच अक्षर वळणदार नव्हते, हे त्याचे एक कारण. दुसरे असे की, १९९३ सालच्या 'ज्युरासिक पार्क' या चित्रपटाच्या नावाची ती जाड, छिन्नीने तोडल्यासारखी अक्षरे आमच्या मनात भरली होती.

त्या अक्षरांचे घराणे जर्मन आहे. ऑफेनबाख गावी क्लिंग्सपोर नावाची टंकांची ओतशाळा होती. तेथे रुडॉल्फ कॉख या कारागिराने १९२३ साली 'नॉयलांट' हा टंक घडविला. टंक करावयाचा म्हणजे अगोदर कागदावर अक्षर रेखाटावयाचे व मग त्याबरहुकूम धातूत कोरावयाचे, अशी सर्वसाधारण रीत. कॉखने कागदाला फाटा दिला आणि हत्यार घेऊन तो थेट धातूलाच भिडला. त्यामुळे त्या टंकाच्या निरनिराळ्या आकारांतील अक्षरे एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. प्रत्येकात हाताचा थोडा वेगळेपणा राहिला आहे. त्यात बाकदार रेघ शोधूनच काढावी लागते. कॉख स्वतः मोठा श्रद्धाळू ख्रिस्ती मनुष्य होता. पुढे त्याच्या या अक्षरांच्या कपाळी मात्र जंगले, शिकारी आणि आफ्रिका यांच्या पुस्तकांची वेष्टने आली! माणसांप्रमाणे अक्षरांनाही आपले नशीब असावे.

कॉखचे हे धाडस वाचून आमच्या अंगात वीरश्री संचारली. चौकटीचा कागद घेतला, पट्टी घेतली, आणि देवनागरीतील जेवढे म्हणून बाक दिसले तेवढ्यांचे कोपरे केले. रेघा बोटभर जाड ठेवल्या. तांबड्या जमिनीवर काळा रंग चढविला. फलक लावला तेव्हा तो मैदानाच्या पलीकडूनही उठून दिसत होता. दिसत होता, असेच म्हटले पाहिजे. वाचता येत होता की नाही, हे पाहण्याचे कोणालाच सुचले नाही.

प्रदर्शनात आमच्यापैकी एकाच्या आजोबांनी तरुणपणी काढलेला एक हस्तलिखित अंक मांडलेला होता. सकाळी आजोबा इस्त्रीचे धोतर नेसून, काठी टेकीत आले आणि फलकापाशी थांबले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "बाळांनो, हे 'हस्तलिरवित' आणि 'शुमारंम' काय आहे रे?" त्यांनी विचारले. आम्हांला हसू आवरेना. परंतु ते हसले नाहीत. "डोळे गेले म्हणायचे आता," असे स्वतःशीच पुटपुटत ते आत न जाताच माघारी वळले. चूक त्यांच्या डोळ्यांची नसून आमची आहे, हे त्याच क्षणी सांगावयास हवे होते. ते आम्ही सांगितले नाही. फलकाच्या डौलाचा मोह सुटला नव्हता, हेच खरे.

दुपारी मात्र राहवेना. सायकली काढल्या आणि मांडवीच्या बाजारातील पाट्या पाहत हिंडलो. बडोद्यात गुजराती पाट्यांना तोटा नाही. गुजराती अक्षराला डोक्यावर रेघ नसते, त्यामुळे ते कितीही जाड केले तरी वरून मोकळेच राहते. आपल्या देवनागरीला शिरोरेखेचे छप्पर आहे. त्याखाली जाड रेघांची गर्दी केली की अक्षराच्या पोटातील पोकळी बुजते, आणि वाचणारा ओळखतो ते बहुतांशी त्या पोकळीवरूनच! 'भ'ची शिरोरेखा डावीकडे तुटलेली असते. ती फट बुजली की 'भ'चा 'म' होतो. 'ध' आणि 'घ' यांचेही तेच. 'ख'ची गोष्ट तर जुनीच आहे. त्याचे दोन भाग सुटले की 'र' आणि 'व' असे दोन शेजारी होतात. म्हणूनच 'र'चे शेपूट 'व'ला खालून जोडण्याची तोड निघाली. आम्ही कोपऱ्याच्या हौसेपायी नेमके ते शेपूटच कापून टाकले होते.

तिरक्या तोडीचा बोरू हे सारे आपोआप सांभाळतो. एक रेघ जाड आली की दुसरी बारीक येते आणि आतला उजेड टिकतो. पट्टीला एवढे शहाणपण कोठून असणार? कॉखने कागद सोडला होता, तो कित्येक वर्षे हाताने अक्षरे लिहून झाल्यावर. आमच्या वाचनात ही ओळ आली होती. आम्ही ती घाईने ओलांडली होती.

त्या रात्री फलक उतरविला. कोपरे तसेच ठेवले, ते सोडवेनात. परंतु आडव्या रेघा निम्म्याने बारीक केल्या, 'ख'ला शेपूट जोडले आणि दोन्ही 'भ'च्या डोक्यावर अंगठाभर फट तांबड्या रंगाने उघडली. सकाळी आजोबांच्या घरी जाऊन सारे सांगितले. ते रागावले नाहीत. पायांत वहाणा घालून आमच्याबरोबर निघाले. फलक त्यांनी फाटकातूनच मोठ्याने वाचला. मग जवळ येऊन काठीचे टोक त्या फटीकडे नेत म्हणाले, "रंग अजून ओला दिसतो रे," आणि आपला अंक पाहावयास आत गेले.