धारेचे मोल

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे तलाठ्याकडचा अर्ज असो, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी असो की बँकेचे पत्र असो, सारे माझ्यापुढे येते आणि 'तू शिकलेला, तूच सांग' असे फर्मान सुटते. बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाला जगातले सर्व काही कळते, अशी घरच्यांची भाबडी समजूत आहे! यंदा मात्र दादाच्या प्रश्नाने मी चक्रावलोच. तो म्हणाला, "जपानी सुरी घ्यायची आहे. कारखान्याची घेऊ का हातघडणीची?"

दादा मुंबईला एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात आहे. भांडी घासण्यापासून सुरुवात करून तो आता भाजी कापण्याच्या टेबलाशी पोचला आहे. त्याच्या ओळखीचा एक आचारी ओसाकाला नोकरीस आहे. तो सुट्टीवर येताना सुरी आणणार. दादाने त्यासाठी आठ हजार रुपये साठवले आहेत. आता आमचे आबा पडले लोहार. लोहाराच्या घरात असा प्रश्न निघाला म्हणजे तो नुसत्या सुरीचा कसा राहील?

मी वाचायला बसलो. ओसाकाजवळच्या साकाई गावी सोळाव्या शतकाच्या अखेरीस तंबाखू कापण्याच्या सुऱ्या होऊ लागल्या. तंबाखू तिकडे नेला पोर्तुगीजांनी. आपल्याकडे मिरची आणणारेही तेच. गिफू प्रांतातले सेकी हे तर तलवारी घडवणाऱ्यांचे गाव. १८७६ साली जपानी सरकारने तलवार बाळगण्यास बंदी केली आणि तलवारीवर पोट भरणारे कितीतरी हात सुऱ्या-कात्र्यांकडे वळले.

साकाईची सुरी एका माणसाची नसते. घडवणारा वेगळा, धार लावणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा. मऊ लोखंड आणि कठीण पोलाद तापवून, ठोकून एकजीव करायचे, पाते ओढायचे, मग पाणी द्यायचे. 'पांढरा कागद' आणि 'निळा कागद' अशी तिथल्या नामांकित पोलादांची नावे आहेत. हा रंग पोलादाचा नव्हे, त्याच्या वेष्टनाच्या कागदाचा! अशा पात्याला धार सुरेख येते आणि पुष्कळ टिकते. पण ते ओले राहिले की गंजते, आणि हाडावर मारले तर धारेचा टवका उडतो. म्हणजे ही सुरी घेणाऱ्याने तिची निगाही पत्करायची असते.

कारखान्याची सुरी म्हणजे वाईट, असे मात्र मुळीच नाही. तिथे पत्र्यातून साच्याने पाती कापतात, भट्टीत ठरल्या मापाने तापवून पाणी देतात, यंत्रावर घासतात. पोलाद बहुधा न गंजणारे. एक पाते हुबेहूब दुसऱ्यासारखे. घरोघरी वापरतात ती 'सान्तोकु', म्हणजे तीन गुणांची सुरी, अशी काही हजारांत मिळते. हातघडणीची तिच्या कित्येक पट महाग.

मग मी दादाचे स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणले. ओले टेबल, दिवसभर घाई, आणि सुरी जरा खाली ठेवली की दुसऱ्याच्या हातात! तिथे नाजूक पाते काय कामाचे? मी त्याला लिहून कळवले: कारखान्याची, न गंजणारी सान्तोकु घे, आणि उरलेल्या पैशांत धार लावायचा चांगला दगड घे. हातघडणीची महागडी सुरीही बोथट झाली की साध्या धारदार सुरीपुढे हरते.

उत्तर धाडले आणि मी अस्वस्थ झालो. कारण हाच हिशेब आमच्या गावाने केला होता. आठवडी बाजारात कारखान्याचे विळे येऊ लागले. ते स्वस्त होते, हलके होते, आणि त्यांच्यासाठी लोहाराच्या दारात ताटकळावे लागत नव्हते. आबांच्या भात्यापुढची गर्दी ओसरली. पण गावाला दोष द्यायचा तर आधी दादाला द्यावा लागेल. आणि दादाला दोष कसा देऊ? त्याच्या खिशात आठच हजार आहेत.

जपानातही हा पेच सुटलेला होता असे नाही. तिथे १९७४ साली पारंपरिक हस्तव्यवसायांसाठी कायदा झाला. त्याखाली १९७९ साली एचिझेनच्या आणि १९८२ साली साकाईच्या घडीव हत्यारांना मान्यता मिळाली. पण नुसत्या मान्यतेने चूल पेटत नाही. मासळीचे काचेसारखे काप काढणाऱ्या आचाऱ्यांना एकाच बाजूने धार दिलेली लांब सुरी लागते, आणि अशा सुरीसाठी ते पदरचे पैसे मोजतात. लोहार टिकतो तो अशा गिऱ्हाइकावर.

दिवाळीत हे सारे मी आबांना सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, "पाणी कशाचं देत्यात?" म्हटले, कोणी पाण्याचे देतात, कोणी तेलाचे. ते मान डोलवत राहिले. मग म्हणाले, "त्याला परवडंल ती घिऊ दे. दगड मातुर चांगला घ्यायला सांग. आन् आला म्हंजी माझ्यासमोर बसव, धार लावायला मी शिकवतो."

आबांचा भाता अजून अगदी थंडावलेला नाही. ऊसतोडीचा हंगाम जवळ आला की कोयते येतात. दिवसभर ऊस तोडणाऱ्याला बाजारचे हलके पाते पुरत नाही. त्याला हाताच्या वजनाचा कोयता हवा असतो. पण तोही दारात उभा राहून वीस रुपयांसाठी घासाघीस करतो, आणि आबा शेवटी 'दे, काय द्यायचं ते' म्हणतात.

मित्रहो, स्वस्त वस्तू घेण्यात कमीपणा नाही. ज्याचे काम तिने भागते, त्याने ती खुशाल घ्यावी आणि नीट वापरावी. परंतु ज्याचे काम हातघडणीवाचून अडते, किंवा ज्याला ती सहज परवडते, त्याने लोहाराने सांगितलेला दाम त्याच्या हातावर ठेवावा. त्या दामात घण मारणाऱ्याचे दिवस असतात. ते घासाघिशीने कमी होत नाहीत.