फुकटची वही

रोजचा खर्च लिहून ठेवणाऱ्या माणसांबद्दल मला विलक्षण आदर आहे. सामोशांचे साठ रुपये मांडताना हात क्षणभर अडखळतो. त्या अडखळण्यातच वहीचा सारा उपयोग! (जे आठवत नाही ते 'किरकोळ' या सदरात जाते. संसारातले पुष्कळसे काव्य याच सदरात असावे.)

अमेरिकेत ही वही संगणकावर आली. २००६ साली 'वेसाबी' निघाली. प्रत्येक खर्चाला गिऱ्हाइकाने आपल्या हाताने नाव द्यावे, त्यातून त्याला शहाणपण यावे, असा तिचा मास्तरी बाणा. पुढल्या वर्षी 'मिंट' आली. तुम्ही फक्त बँकेच्या खात्याची किल्ली द्या, असे ती म्हणाली. घडीभरात घरभाडे, पेट्रोल, हॉटेल अशी खर्चाची रंगीत वर्तुळे समोर हजर! लोक तिकडे लोटले. २००९ साली इन्ट्युइट कंपनीने मिंट १७ कोटी डॉलरना घेतली आणि २०१० मध्ये वेसाबी मिटली. तिचे संस्थापक मार्क हेडलंड यांनी त्याच वर्षी मोकळेपणाने लिहिले, की मिंटने गिऱ्हाइकाला जवळजवळ कामच ठेवले नाही. आम्ही मात्र त्याची चाल सुधारायला बसलो होतो.

इथवर गोष्ट वहीच्या तोंडवळ्याची झाली. पण तिचे पोट कशावर चालते?

कॅलिफोर्नियातला माझा भाचा मिंटवर खूश असे. "मामा, एक पैसा पडत नाही!" मी म्हणे, वाणीसुद्धा कॅलेंडर फुकट देतो, पण त्यावर दुकानाचे नाव छापून. मिंट गिऱ्हाइकाला नवनवी क्रेडिट कार्डे सुचवी. त्याने एखादे घेतले की बँक तिला दलाली देई. खर्चाला आळा घालायला ठेवलेला मुनीमच उधारीचा कागद पुढे सरकवी! न्यायाने बोलायचे तर त्याचा सल्ला कधीकधी खरेच फायद्याचा असे. पण सल्ला कोणाच्या मिठाचा, हे विचारायला नको का?

मार्च २०२४ मध्ये मिंट बंद झाली. गिऱ्हाइकांना त्याच मालकाच्या 'क्रेडिट कर्मा'कडे जायला सांगितले गेले. तिथे कार्डांच्या शिफारशी होत्या. महिन्याच्या खर्चाची सदरवार मर्यादा आखायची सोय मात्र आली नव्हती. दलालीच्या दृष्टीने पाहता तिची गरज तरी काय होती?

भाचा आता वर्गणी भरून दुसरीच वही वापरतो.

"महाग आहे, मामा," तो परवा म्हणाला, "पण ही मला काही विकायला येत नाही."