जोडवी

माझ्या पायांतली जोडवी सोन्या मारुती चौकातल्या एका कारागिराने कापून काढली, त्या दिवशी मला कळले, की आपले पाय आता आपले राहिलेले नाहीत.

संधिवात हातांचा, एवढीच माझी समजूत. सकाळी बोटे आखडत. पोळ्या सूनबाई लाटी. पायांकडे कोण पाहतो? अंगठा शेजारणीवर रेलला, बाकीची बोटे आकड्यासारखी वर वाकली. चालताना वाटे, चपलेत खडे गेले आहेत. मी चप्पल झटकून पाही. खडे कुठले! ती माझीच हाडे.

पुण्यात हाडांच्या डॉक्टरांना तोटा नाही. एका चौकाचे नावच रुग्णालयावरून संचेती चौक पडले आहे. आमच्या डॉक्टरांनी क्ष-किरणांचे चित्र दाखवले. बोटांच्या मुळाशी सांधे निखळले, बोटे वर चढली, हाडांची डोकी खाली दबली. आणि तळव्याची चरबीची गादी बोटांबरोबर पुढे सरकली. आधी रुंद, खोल बूट वापरून पाहा, म्हणाले. लक्ष्मी रोडवर तसा बूट मागितला, तर दुकानातला मुलगा सरळ पुरुषांच्या कपाटाकडे वळला!

बुटानेही भागेना, तळव्याला जखमा होऊ लागल्या, तेव्हा शस्त्रक्रियेचा विषय निघाला. सांधे शाबूत असते, तर हाड कापून सरकवून ते वाचवता आले असते. माझे पार झिजलेले. म्हणून अंगठ्याचा सांधा कायमचा जखडायचा आणि उरलेल्या चार हाडांची डोकी काढायची. हॉफमन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९१२ सालीच हाडांची डोकी काढण्याची ही रीत लिहून ठेवली आहे, असे ह्यांनी शोधून काढले. शंभर वर्षे टिकलेली गोष्ट वाईट नसावी, हे ह्यांचे तर्कशास्त्र.

मेथोट्रेक्झेट चालू ठेवायचे. महागडे इंजेक्शन मात्र आधी थांबवायचे, जखम चिघळू नये म्हणून. अंगठा पुन्हा वाकणार नाही, जमिनीवरून उठणे जड जाईल, हेही डॉक्टरांनी लपवले नाही.

"जोडवी चढतील का हो?" मी विचारले. हे खिडकीबाहेर पाहू लागले.

"बोट आखूड होईल, थोडे लुळे राहील," डॉक्टर म्हणाले, "पण चढतील."

उजव्या पायाच्या बोटांतून कित्येक आठवडे तारा डोकावत होत्या. नात त्यांना अँटेना म्हणे. यंदा पर्वती चढले नाही, पण डेक्कनपासून संभाजी बागेपर्यंत चालत गेले. उजवी चप्पल एकदाही झटकली नाही.

ह्यांनी नवी जोडवी आणली आहेत. एक पायात आहे, एक डबीत. डाव्या पायाचा मुहूर्त माघात.