छपराखालचे भूर्जपत्र

काश्मीर म्हटले की दल सरोवर, शिकारे आणि चिनाराची पाने आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु श्रीनगरच्या जुन्या वस्तीतून झेलमच्या काठाने जाण्याचा योग आला, तर वाचकहो, नजर जरा वर करून तेथील छपरे अवश्य पाहा. आज ती बहुतेक पत्र्याची आणि चांगल्या उताराची दिसतील. पूर्वी मात्र तेथील घरे, मशिदी व दर्गे यांच्यावर मातीचे छप्पर असे. वसंतात त्या मातीवर गवत वाढे, आयरिसची आणि ट्यूलिपची फुले डोलत. वॉल्टर लॉरेन्स यांनी १८९५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या काश्मीरविषयक ग्रंथात या फुललेल्या छपरांचे वर्णन केले आहे.

आपण विचाराल, मातीचे छप्पर गळत कसे नसे? त्याचे रहस्य मातीच्या खाली होते. लाकडी फळ्यांवर भूर्जवृक्षाच्या सालीचे थरांवर थर अंथरीत आणि त्यांवर माती पसरीत. हा वृक्ष हिमालयात सुमारे तीन ते चार हजार मीटर उंचीवर वाढतो. त्याची साल कागदासारखी पातळ सुटते, पाण्याला दाद देत नाही आणि सहसा कुजत नाही. मातीच्या भाराने साल वाऱ्याने उडत नसे, आणि गवताची मुळे मातीला धरून ठेवीत.

हीच साल आपल्या पूर्वजांचा कागद होती. १८७५ साली गेओर्ग ब्यूलर यांनी काश्मिरातून मिळविलेल्या हस्तलिखितांत शारदा लिपीतील ऋग्वेदाची एक भूर्जपत्रावरील पोथी होती. ती आज पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात आहे. ज्या सालीने घरातील माणसे कोरडी ठेवली, तिनेच ऋचाही जपल्या!

हिमप्रदेशात छपराचा खरा शत्रू पाऊस नव्हे, तर वितळणारे बर्फ होय. २१ डिसेंबरच्या सुमारास काश्मिरात ‘चिल्लई कलान’ हा चाळीस दिवसांचा कडक हिवाळा सुरू होतो. घरातील ऊब वर जाते आणि छपरावरचा हिमाचा थर खालून वितळू लागतो. ते पाणी उतारावरून वळचणीकडे वाहते. पण वळचण भिंतीच्या बाहेर असल्याने तिला खालून ऊब मिळत नाही. तेथे पाणी पुन्हा गोठते आणि बर्फाचा बांध तयार होतो. त्यामागे तुंबलेले पाणी मग उलटे वर चढून सांध्यांतून आत शिरते. भिंती ओलावतात, वासे कुजतात, आणि ऐन थंडीत अंथरुणे भिजतात.

थंड देशांत आता भूर्जपत्राचे काम डांबर व रबर यांच्या मिश्रणाचा चिकट पट करतो. त्याच्या पाठीवरचा कागद सोलून तो फळ्यांवर दाबून बसवितात. खिळा ठोकला तरी हे मिश्रण खिळ्याभोवती घट्ट बसते आणि पाण्याला वाट मिळत नाही. मात्र फळ्या स्वच्छ व कोरड्या हव्यात, आणि हवा फार गार असता कामा नये. नाहीतर पट चिकटत नाही. काम वळचणीपासून सुरू करून वर न्यावे. वरच्या पट्टीची कड खालच्या पट्टीवर यावी, म्हणजे उतरणारे पाणी सांध्यात शिरत नाही. पट भिंतीच्या आतल्या रेषेपलीकडे निदान साठ सेंटिमीटर गेला पाहिजे, कारण बांधामागचे पाणी तेथवर चढते. दोन उतार मिळतात ती पन्हळही झाकावी. पट उन्हात फार काळ उघडा ठेवू नये. त्यावर लवकरच पत्रे, कौले किंवा पाट्या घालाव्यात.

तरीही एक गोष्ट विसरू नये. असा पट आतली वाफही अडवितो. म्हणून माळ्यावर वारा खेळता हवा, आणि घरातील ऊब छतापाशीच अडविली पाहिजे. मूळ कारण दूर केले नाही, तर बर्फाचा बांध दरवर्षी बनणारच.

आज भूर्जवृक्ष विरळ झाला आहे. छपरांसाठी त्याची साल सोलणे आता परवडणार नाही. परंतु त्या जुन्या कारागिरांची शिकवण जुनी झालेली नाही. बाहेरून दिसणारे छप्पर ऊन, वारा आणि हिम झेलते. घर कोरडे राहते ते मात्र त्याखालच्या, कोणाला न दिसणाऱ्या थरामुळे. डोंगराळ मुलुखात घर बांधण्याचा विचार असेल, तर छपराच्या रंगाआधी या थराची चौकशी करा.