खेळाच्या सरांची खुर्ची रिकामी आहे

जून आला की ॲडमिशनची गर्दी होते, म्हणून आत्ताच लिहितोय. लांब आहे, पण परभणी जिल्ह्यातल्या आई-बापांनी वाचावं.

प्रत्येक कॉलेजात एक माणूस असतो ज्याला प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे ‘पीटीचे सर’ म्हणतात. कागदावर पद मोठं झोकदार: शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालक. निवडीच्या वेळी बाकी प्राध्यापकांना नसते अशी एक परीक्षा या सरांना असते. पळायची. यूजीसीच्या 2018 च्या नियमात लिहिलंय, तिशीपर्यंतच्या पुरुष उमेदवारानं 12 मिनिटांत 1800 मीटर, बाईनं 8 मिनिटांत 1000 मीटर. एवढं पळवून नोकरीला घ्यायचं आणि मग तीस वर्षं पात्रता फॉर्मवर शिक्के मारायला बसवायचं! 15 ऑगस्टला सावधान-विश्राम, परीक्षेत सुपरव्हिजन, नॅकची कमिटी आली की कपाटातले धूळ खाल्लेले चषक पुसून टेबलावर. झाली नोकरी.

आमचे सर यातले नव्हते. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. ते आम्हाला फुटबॉल शिकवायचे, आणि ते पण आपल्या काळ्या मातीत. पावसात बुटाला किलोभर चिखल, उन्हाळ्यात भेगा अशा की बॉल कुठं उडंल सांगता येत नाही आणि पाय मुरगळला तर महिनाभर घरी. कबड्डीला सात गडी लागतात, आमच्याकडं ते कुठंही मिळतात. फुटबॉलला अकरा लागतात, आणि विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा नेमक्या कापूस वेचणीच्या तोंडावर. अर्धी टीम रानात. सर मोटारसायकलवर गोलकीपरच्या गावी जायचे, बांधावर बसून त्याच्या बापाशी आधी कापसाच्या भावाचं बोलायचे, मग हळूच म्हणायचे, “दादा, दोन दिवसांसाठी पोरगं न्यावं म्हणतो.” बाप नाही म्हणाला तर दुसऱ्या दिवशी परत जायचे.

तीन वर्षांत आम्ही फक्त दोन मॅच जिंकल्या. कॉलेजच्या वार्षिक अहवालात आमच्यावर एकच ओळ: ‘फुटबॉल संघाने सहभाग नोंदविला.’ सरांच्या अख्ख्या नोकरीचा हिशोब अशाच ओळींत आहे. तो गोलकीपर पुढं पोलिसात लागला. शिकणं सोडायला निघालेले दोघं निव्वळ टीममुळं पदवीपर्यंत टिकले. ही नोंद करायला अहवालात रकानाच नाही.

आता नागपूरला चला. ‘झुंड’ सगळ्यांनी बघितलाय. 2022 चा, नागराज मंजुळेंचा. अमिताभला टाळ्या पडल्या, पण ज्यांच्यावरून तो सिनेमा आला ते विजय बारसे म्हणजे नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातले खेळाचेच शिक्षक. आमच्या सरांच्याच पदावरचा माणूस म्हणा ना. 2001 च्या पावसाळ्यात त्यांना झोपडपट्टीतली पोरं बॉल नाही म्हणून फुटकी बादली लाथाडत खेळताना दिसली. त्यांनी त्या पोरांना बॉल दिला आणि पुढं फक्त झोपडपट्टीतल्या पोरांची फुटबॉल स्पर्धाच सुरू केली. त्यातूनच आज जगभर ओळखली जाणारी ‘स्लम सॉकर’ उभी राहिली. 2010 ला रिओत झालेल्या बेघरांच्या वर्ल्डकपमध्ये भारताचा कॅप्टन होता अखिलेश पॉल, याच नागपूरच्या वस्तीतला.

पण बघा, बारसे सरांचं मोठं काम कॉलेजच्या गेटबाहेर झालं. ज्या पोरांना त्यांनी घडवलं ती त्यांच्या हजेरीपटावर नव्हती. नोकरीनं त्यांना पगार दिला, काम त्यांनी स्वतः शोधलं. सिनेमा बघून आपण म्हणतो, असा एखादा देवमाणूस पाहिजे. मला हे पटत नाही. सरकारनं पद निर्माण केलंय, त्याला पगार आहे, मग देवमाणसाची वाट कशाला बघायची? साधा, नेमानं सकाळी सहाला मैदानावर येणारा सर पुरतो.

अजून एक सांगतो, हे तर आपल्याच घरचं आहे. 1956 पर्यंत परभणी हैदराबाद राज्यात होती. 1958 ला मराठवाडा विद्यापीठ निघेपर्यंत आपल्याकडची कॉलेजं उस्मानियाला जोडलेली. त्याच उस्मानियात शिकलेले, काचीगुड्याच्या शाळेत मास्तरकी केलेले सय्यद अब्दुल रहीम पुढं भारतीय फुटबॉल संघाचे कोच झाले. आपण दवाखान्याला, लग्नाच्या खरेदीला ज्या काचीगुड्याला गाडीनं जातो तेच हे काचीगुडा. 1951 आणि 1962 ला एशियाडचं सुवर्ण, 1956 ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा नंबर. 1963 ला कॅन्सरनं ते गेले. एशियाडमधलं फुटबॉलचं सुवर्ण त्यानंतर भारताला आजपर्यंत मिळालेलं नाही. ‘मैदान’ त्यांच्यावरचाच. एका मास्तरच्या असण्या-नसण्यानं किती फरक पडतो याचा यापेक्षा मोठा पुरावा मला माहीत नाही.

आता मुद्द्यावर. आमचे सर रिटायर झाले आणि त्यांची जागा भरलीच नाही. 2017 मध्ये राज्यानं नोकरभरतीवर बंदी आणली. 2018 ला थोडी दारं उघडली तेव्हा सहायक प्राध्यापकांच्या 3580 जागांना मंजुरी आली आणि खेळाच्या संचालकांच्या किती? 139. अख्ख्या महाराष्ट्रात. इतिहासाचा, केमिस्ट्रीचा सर नसला तर निदान तासिकेवर कोणीतरी मिळतं. मैदानावरच्या सकाळी सहाला तासिका कोण म्हणणार? मग अतिरिक्त कार्यभार. माझ्या ओळखीच्या एका कॉलेजात क्रीडा विभाग सध्या मराठीच्या सरांकडं आहे. माणूस सज्जन, संतांवर छान बोलतात, पण ऑफसाईड म्हणजे काय हे त्यांना विचारू नका. त्याच कॉलेजच्या मैदानात मी परवा गेलो तर एका टोकाला गोलपोस्टचा एकच खांब उभा, त्याला म्हैस बांधलेली.

“बनी तो बनी, नही तो परभणी” म्हणून आपण हसण्यावारी नेतो. पण 2017 च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय बायकांत पहिली आलेली ज्योती गवते आपल्याच परभणीची. पोरांत दम नाही असं कोणी म्हणू नये.

तर ॲडमिशन घेताना पावती नीट बघा. बहुतेक ठिकाणी त्यात क्रीडा शुल्काचा आकडा असतो, आपण तो न वाचता भरतो. काउंटरवर विचारा, खेळाचे सर कोण? पूर्णवेळ आहेत का? मैदान सकाळी उघडं असतं का? उत्तर मिळालं नाही तर कॉलेज विकास समितीकडं लेखी अर्ज द्या. 2016 च्या विद्यापीठ कायद्यानं प्रत्येक कॉलेजात ही समिती आहे. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

आमच्या सरांकडं एक जुनी वही आहे. त्यात त्यांच्या प्रत्येक टीमची नावं, कोण कुठल्या जागेवर खेळायचा, आता कुठं आहे आणि फोन नंबर. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा त्यांनी माझ्याकडून तिघांचे नवे नंबर लिहून घेतले. पुढची पानं कोरी आहेत.